सुट्या भागांचा सूर

१९३८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फुलर्टन या गावी, लिओ फेंडर नावाच्या तरुणाने ६०० डॉलर उसने घेऊन रेडिओ-दुरुस्तीचे दुकान थाटले. शिक्षणाने तो हिशेबनीस. बर्फाच्या कारखान्यात, राज्याच्या महामार्ग खात्यात आणि पुढे एका टायर कंपनीत त्याने जमाखर्चाच्या वह्या सांभाळल्या होत्या. मंदीच्या लाटेत नोकरी गेली आणि लहानपणापासूनचा विजेच्या उपकरणांचा नाद हाच उदरनिर्वाहाचा मार्ग ठरला. गिटार वाजवणे त्याला अखेरपर्यंत आले नाही. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लोकप्रिय संगीताचा इतिहास या गृहस्थाला वगळून लिहिता येत नाही.

दुकानात रेडिओंबरोबर वादकांचे ध्वनिवर्धक व वाद्येही दुरुस्तीला येऊ लागली. काय वारंवार बिघडते, कशाला खर्च येतो आणि वादकाचा किती काळ फुकट जातो, हे लिओ रोज पाहत होता. पारंपरिक गिटारची मान धडाला सरसाने कायमची चिकटवलेली असते. ती वाकली किंवा तिच्यावरील पडदे झिजले की निष्णात कारागीर गाठावा लागे आणि त्याची सवड होईपर्यंत वाद्य पडून राही. लिओने १९५० साली भरीव लाकडी धडाची विद्युत गिटार बाजारात आणली, तीच पुढे ‘टेलिकास्टर’ या नावाने गाजली. तिची मान त्याने सरसाऐवजी चार स्क्रूंनी जोडली. मान खराब झाली तर स्क्रू काढावेत आणि नवी बसवावी! १९५४ च्या ‘स्ट्रॅटोकास्टर’मध्ये तो आणखी पुढे गेला. आवाज टिपणारे तिन्ही पिकअप, आवाजाच्या कळा व बटणे त्याने प्लॅस्टिकच्या एकाच तबकडीवर बसवली, म्हणजे ती उचलली की वाद्याचे जवळजवळ सारे विद्युत-अंग हाती यावे. वाद्य घडवणाऱ्या जुन्या कारागिरांना यात कलेपेक्षा सुतारकाम अधिक दिसले असल्यास नवल नाही. मात्र या रचनेमागे हिशेबनिसाची नजर होती, हे निश्चित.

दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून केलेल्या या योजनेतून एक निराळीच वाट फुटली. ज्या वाद्याचे भाग बदलता येतात, ते वाद्य निरनिराळ्या भागांतून नव्याने जुळवताही येते. एरिक क्लॅप्टन या इंग्रज गिटारवादकाने १९७० साली नॅशव्हिल येथील एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. त्यांतील तीन त्याने जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड व स्टीव्ह विनवूड या मित्रांना भेट दिल्या. उरलेल्या तिन्ही उघडून, एकीचे धड, दुसरीची मान असे उत्तमोत्तम भाग निवडून त्याने एक गिटार सिद्ध केली. तिच्या काळ्या रंगावरून तिला ‘ब्लॅकी’ हे नाव पडले. पुढची सुमारे पंधरा वर्षे ती त्याची मुख्य सहचरी होती.

दरम्यान प्रकृतीच्या कारणास्तव लिओ फेंडरने १९६५ साली आपली कंपनी सीबीएस या प्रसारण-उद्योगाला १ कोटी ३० लाख डॉलरांना विकली. नव्या मालकांच्या काळात उत्पादन वाढले, पण मालाचा कस उतरल्याची तक्रार वादक करू लागले. ही उणीव हीच इतरांसाठी संधी ठरली. लॅरी डिमार्झिओ याने १९७० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये बदली पिकअप बनवून विकण्यास सुरुवात केली. १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सेमूर डंकन व शेक्टर हे व्यवसाय उभे राहिले आणि १९८० मध्ये वॉशिंग्टन राज्यात वॉरमॉथ ही धड व माना बनवणारी कंपनी निघाली. मोटारसायकलीचे सुटे भाग मिळावेत तसे गिटारचे भाग मिळू लागले.

या सोयीचा सर्वांत धाडसी उपयोग केला तो एडी व्हॅन हेलन याने. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये १९५५ साली जन्मलेला हा मुलगा सात वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर कॅलिफोर्नियात आला. त्याची अडचण साधी होती. गिब्सन कंपनीच्या गिटारचा भरदार आवाज त्याला हवा होता आणि फेंडरच्या गिटारवरील स्वर खालीवर झुलवणारा दांडाही हवा होता. हे दोन्ही ज्यात आहे असे त्याच्या मनाजोगे वाद्य दुकानात नव्हते. ते मिळवण्याच्या खटपटीत त्याने चांगल्या चांगल्या गिटारी कापून-कोरून वाया घालवल्या. अखेर त्याने ५० डॉलरला दुय्यम प्रतीचे धड आणि ८० डॉलरला मान विकत घेतली, आपल्या गिब्सनमधील पिकअप काढून त्यात बसवला आणि सगळ्या कळा रद्द करून आवाजाची एकच कळ ठेवली. त्यावर चिकटपट्ट्या लावून काळापांढरा आणि नंतर सायकलचा तांबडा रंग फवारला. घोडी स्थिर राहावी म्हणून पुढे तिच्या मागच्या बाजूखाली त्याने १९७१ सालचे पाव डॉलरचे नाणे स्क्रूने ठोकले! ‘फ्रँकनस्टाइन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या वाद्यावरचे वादन १९७८ च्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत ऐकून अनेक वादक चकित झाले आणि सुट्या भागांच्या दुकानांपुढे तरुणांची रीघ लागली.

नाण्यांचा विषय निघालाच आहे तर ‘क्वीन’ या वाद्यवृंदाच्या ब्रायन मे याची आठवण अपरिहार्य आहे. तो तारा छेडतो सहा पेन्सच्या नाण्याने. याच वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी. मे याने १९६३ पासून वडिलांच्या मदतीने घरीच गिटार घडवली आणि तिच्या मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड वापरले. पण पिकअप मात्र त्यालाही शेवटी बर्न्स कंपनीचे तयारच आणावे लागले.

आता प्रत्यक्ष जुळणीकडे वळू. स्क्रू पिळता येणे एवढीच पात्रता पुरेशी आहे असा समज करून घेणाऱ्यांना पहिला धडा भूमिती देते. फेंडर पद्धतीच्या गिटारमध्ये मानेच्या टोकाजवळील नट नावाच्या खाचांच्या पट्टीपासून घोडीपर्यंत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असते. बारावा पडदा तिच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ३२४ मिलिमीटरवर, हवा. तेथे तार दाबली की वरच्या सप्तकातील तोच स्वर उमटतो. गिब्सन पद्धतीत ही लांबी साधारण २० मिलिमीटरने कमी असते. म्हणून मान खाचेत चपखल बसली, स्क्रूंची भोके जुळली, तरी पडद्यांची आखणी त्या धडावरील घोडीच्या जागेशी जुळत नसेल, तर ते वाद्य कधीच सुरात बोलणार नाही. भाग मागवण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन बसणे हे या छंदातील सर्वांत रुक्ष आणि सर्वांत किफायतशीर काम होय.

दुसरा धडा विजेचा. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. पोलादी तार कंपली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. दुर्दैवाने हे वेढे घरातील विजेची गुणगुणही तितक्याच आवडीने टिपतात. यावर गिब्सनमधील सेथ लव्हर या अभियंत्याने १९५५ साली तोड काढली. उलट दिशेच्या दोन वेढ्यांची जोडी केली की गुणगुण परस्परांत विरते आणि सूर मात्र दुणावतो. एक वेढा असलेल्या पिकअपला २५० किलो-ओहमची आणि जोडवेढ्याला ५०० किलो-ओहमची कळ लावण्याचा प्रघात आहे. त्यांची अदलाबदल झाली तर एकाचा आवाज कर्कश आणि दुसऱ्याचा मंद वाटतो. डाख देताना घोडीला जोडायची जमिनीची तार हमखास विसरली जाते. मग वादकाने तारांवर हात ठेवला तरी ध्वनिवर्धकाचे घुमणे कमी होत नाही.

लाकडाच्या बाबतीत भारतीय वाचकाला एक ओळखीची खूण सापडते. पडदे ज्या पट्टीवर बसवतात ती पुष्कळदा शिसवी असते. सह्याद्रीच्या रानांत वाढणारी ही शिसव जगभर ‘ईस्ट इंडियन रोझवुड’ म्हणून ओळखली जाते. जानेवारी २०१७ मध्ये शिसवाच्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याच्या कक्षेत आला आणि शिसवी पट्टीची सुटी मान परदेशातून विकत आणणे कागदपत्रांचे काम होऊन बसले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्ये व त्यांचे तयार भाग या बंधनातून वगळण्यात आले, तेव्हा कारागिरांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

खर्चाचे काय? इथे मात्र छंदिष्टाने स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. धड, मान, पिकअप, खुंट्या, घोडी, रंग, टपाल आणि परदेशातून मागवल्यास सीमाशुल्क, यांची बेरीज बहुधा त्याच तोडीच्या तयार गिटारच्या किमतीला मागे टाकते, कारण कारखाना हेच भाग हजारोंच्या संख्येने घेतो. विकायला काढल्यास तर गिऱ्हाईक आधी विचारते, ही कोणत्या कंपनीची? उत्तर नसल्याने पूर्ण वाद्यापेक्षा ते खोलून सुटे भाग विकण्यात अधिक पैसे मिळतात. बँकेच्या भाषेत बोलायचे तर अशा गिटारला तारणमूल्य नाही. अपवाद आहेत आणि ते डोळे दिपवणारे आहेत. व्यसनमुक्ती केंद्राच्या मदतीसाठी ‘ब्लॅकी’चा लिलाव २००४ साली न्यूयॉर्कला झाला तेव्हा तिला ९,५९,५०० डॉलर मिळाले. १३० डॉलरच्या धड-मानेवर उभ्या राहिलेल्या ‘फ्रँकनस्टाइन’च्या हुबेहूब ३०० प्रतिकृती २००७ मध्ये फेंडर कंपनीनेच काढल्या आणि प्रत्येकीची किंमत ठेवली २५,००० डॉलर. ओरखडे, जळल्याच्या खुणा, सारे काही तंतोतंत उतरवले होते. पण ही किंमत लाकडाला नव्हे, वादकाच्या हाताला मिळालेली आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्याला विशिष्ट जाडीचीच मान पेलते, ज्याला डाव्या हाताने वाजवायचे आहे किंवा ज्याच्या कानात एक ठराविक आवाज घुमतो आहे आणि तो दुकानात मिळत नाही, त्याने खुशाल हा खर्च करावा. पैसे वाचवण्यासाठी या वाटेला जाणाऱ्याने मात्र तयार गिटारच घ्यावी.

सर्व भाग बसले, डाख दिले गेले आणि तारा चढल्या की काम संपले असे वाटते, पण ते संपत नाही. सहा तारा मिळून मानेवर सुमारे ४५ किलोचा ताण टाकतात आणि मान किंचित पुढे झुकते. तिच्या पोटातील पोलादी सळई किल्लीने पाव-पाव वेढा फिरवून ती सरळ करतात. घाई केली तर सळईचे आटे जातात. पावसाळ्यात मुंबईसारख्या दमट हवेत लाकूड फुगते, तेव्हा हाच सोपस्कार पुन्हा करावा लागतो. अनुभवी जुळणीकार आणखी एक करतात. तारा पूर्ण ताणात असताना मानेमागील चारही स्क्रू ते अगदी किंचित सैल करतात. कधी कधी आतून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि मान धडातील खाचेत शेवटची केसभर जागा घेऊन बसते. मग चारही स्क्रू पुन्हा आवळायचे आणि गिटार नव्याने सुरात लावायची.