चावडीवरचा फुटबॉलपटू

६ जून २०२४. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर भारत-कुवेत सामना गोलशून्य बरोबरीत संपला आणि सुनील छेत्रीने देशाच्या संघाचा निरोप घेतला. १५१ सामने, ९४ गोल. त्याच्या विकिपीडिया पानावर ‘२००५–’ एवढीच मोकळी असलेली रेघ ‘२०२४’ने बंद करायची वेळ झाली. पण नऊ महिन्यांनी, १९ मार्च २०२५ला, तो शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध पुन्हा उतरला आणि ९५वा गोलही करून बसला. बंद केलेली रेघ परत उघडा, आकडा बदला!

छापील कोशाला हे जमत नाही. केतकरांचा ज्ञानकोश घ्या. १९२०च्या दशकात त्याचे २३ खंड निघाले. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. असा खंड बांधणीतून बाहेर पडला की त्यातली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत ठाण मांडून बसते. विकिपीडियाची नोंद मात्र कायम कच्च्या खर्ड्यासारखी. जानेवारी २००१ मध्ये इंग्रजीत हा कोश सुरू झाला आणि मराठी विकिपीडियाचा जन्म १ मे २००३चा, म्हणजे ऐन महाराष्ट्र दिनाचा. आज त्यातल्या लेखांची संख्या लाखाच्या आसपास आहे.

समजा, गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्यात एखाद्या कॉलेजच्या पोराने रेंज सापडेल अशा जागी बसून मोबाइलवर छेत्रीचे पान उघडले. वर ‘संपादन’ असते. ते दाबले की मजकूर हाताशी येतो. आकडा बदलायचा, शेजारी तो कुठून घेतला त्याचा संदर्भ द्यायचा, काय बदलले ते एका ओळीत सांगायचे, झलक पाहायची आणि प्रकाशित करायचे. खाते उघडले नसेल तरी बहुतेक पानांवर हे जमते. खेळाडूच्या पानावर एक शिस्त आणखी पाळतात. सामना चालू असताना गोल वाढवायचा नाही. शिट्टी वाजल्यावर सामने आणि गोल दोन्ही बदलायचे आणि ‘अमुक तारखेपर्यंतची आकडेवारी’ ही तारीखही पुढे सरकवायची. तिसरी गोष्ट राहिली की पुढचा माणूस तोच गोल पुन्हा मोजतो.

मराठी विकिपीडियाने या कामासाठी शब्द मात्र झकास शोधले. सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’. आपोआप कामे उरकणाऱ्या प्रोग्रामला ‘सांगकाम्या’. मुद्दाम केलेल्या खोडसाळपणाला ‘उत्पात’. मत आजमावायचे तर ‘कौल’. आणि सगळ्यांनी मिळून बोलायची जागा म्हणजे ‘चावडी’.

उत्पाताला फुटबॉलपटूंइतके सोयीचे गिऱ्हाईक नाही. डेव्हिड बेकहॅम हा अठराव्या शतकातला चिनी गोलरक्षक होता, असे कुणीतरी त्याच्या पानावर लिहून ठेवले होते. २००९ मध्ये थिएरी आन्रीच्या हाताला लागलेल्या चेंडूमुळे आयर्लंडची विश्वचषकाची वाट बंद झाली, तेव्हा त्याच्या पानावरही लोकांनी राग काढला. असे पान मग काही काळ नवख्यांना बंद करतात. इंग्रजी विकिपीडियावर अशा अर्ध्या कुलपाच्या पानाला हात लावायचा तर खाते किमान चार दिवस जुने आणि दहा संपादने झालेली लागतात. बाकी राखण माणसेच करतात. पान आपल्या पहाऱ्याच्या सूचीत टाकले की त्यातला बदल नजरेस येतो, ‘इतिहास’ उघडला की कुणी, कधी, काय केले ते ओळीने दिसते आणि चुकीचा बदल एका टिचकीत उलटवता येतो.

खोडसाळपणा ओळखायला सोपा. अवघड असते ती सगळ्यांना खरी वाटणारी गोष्ट. १९५०च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकाला भारत का गेला नाही? ‘अनवाणी खेळायला बंदी घातली म्हणून,’ हे उत्तर चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रापर्यंत ऐकू येते. ते रुजायला कारणही आहे. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू फ्रान्सविरुद्ध अनवाणी खेळले आणि २-१ असे थोडक्यात हरले. पण त्या पिढीतले शैलेन मन्ना, ज्यांनी १९५१च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे नेतृत्व केले, त्यांनीच पुढे सांगितले की बूट हे कारण नव्हते. तेव्हा आपल्याकडे ऑलिम्पिक म्हणजे सर्वस्व होते आणि विश्वचषकाचे मोल कुणाला ठाऊक नव्हते. आता मन्नांच्या पानावर काय लिहायचे? विकिपीडियाचा संकेत असा की संपादकाने स्वतः न्यायाधीश व्हायचे नाही. कोण काय म्हणते, कशाच्या आधारावर म्हणते, ते मांडायचे. यात एक सापळाही आहे. विकिपीडियातली बिनसंदर्भ ओळ बातमीदार उचलतो, बातमी छापून येते आणि तीच बातमी मग त्या ओळीचा संदर्भ म्हणून लावली जाते. साप आपलेच शेपूट गिळतो तसे.

पेलेचेच बघा. जन्मदाखल्यावर नाव ‘एडिसन’, तो स्वतः सांगायचा ‘एडसन’. दाखल्यावर तारीख २१ ऑक्टोबर १९४०, त्याच्या म्हणण्याप्रमाणे २३. शाळेत मास्तरांनी टाकलेली १ जून ही जन्मतारीख आयुष्यभर मिरवणारी माणसे आपल्या घराघरांत आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. गोलांचेही तसेच. गिनेसच्या नोंदीत १,३६३ सामन्यांत १,२७९ गोल आहेत. पण त्यात मैत्रीपूर्ण सामनेही धरलेले. अधिकृत तेवढेच मोजले तर आकडा साडेसातशेच्या आसपास येतो. चांगल्या लेखात दोन्ही आकडे येतात आणि दोन्ही कसे मोजले तेही येते.

पटले नाही तर लेखाच्या ‘चर्चा’ पानावर जायचे. तिथे हात वर करून मोजदाद होत नाही; मुद्दा आणि पुरावा तोलून सहमती काढायची असते. सहमतीचा हा नियम वाचताना मला धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) आठवते. पाचेकशे वस्तीचे हे गोंड गाव ग्रामसभेत मतदान घेत नाही, निर्णय सर्वसहमतीने करते. एकाचेही समाधान झाले नसेल तर विषय पुढे ढकलतात. निर्णयाआधी अभ्यास व्हावा म्हणून गावाने अभ्यासगट चालवले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या प्रयोगाशी कायमची जोडलेली आहेत. अभ्यासगटात बोलायचे, ग्रामसभेत ठरवायचे, या दोन जागा वेगळ्या ठेवण्यातले शहाणपण विकिपीडियाच्या चर्चापानात आणि लेखपानातही आहे. फरक एवढाच की ग्रामसभेत समोरच्याचा चेहरा दिसतो. इथे कधी कधी नुसते टोपणनाव.

पण एका जागी ही तुलना मोडते, आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी तीच जागा महत्त्वाची. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क कायदा २००६चा. त्याच्या २००८च्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात सरकारी कागदांसोबत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही बसतो. म्हाताऱ्याची आठवण कायद्याला चालते. विकिपीडियाला चालत नाही. त्याला प्रसिद्ध झालेला, दुसऱ्याला पडताळून पाहता येईल असा आधार हवा. त्यामुळे छेत्रीच्या पानावर आधारांची रांग लागते आणि भामरागडकडच्या माडिया पोरांच्या खेळाचे नियम, जे तिथल्या आज्याला तोंडपाठ आहेत, ते नोंदीच्या उंबऱ्यावरच अडतात. ही अडचण एकट्या गडचिरोलीची नाही. २०११ मध्ये अचल प्रभाला यांनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत लोकांच्या तोंडून खेळ, विधी, पाककृती ध्वनिमुद्रित करून त्या ध्वनिमुद्रणांचाच विकिपीडियावर संदर्भ द्यायचा प्रयोग केला. त्यावर बरीच चर्चा झाली, पण इंग्रजी विकिपीडियाने तो सर्वसाधारण नियम म्हणून स्वीकारला नाही.

हा नियम अडाणी आहे असे मी म्हणणार नाही. पुरावा मागितला नाही तर बेकहॅम अठराव्या शतकात गोलपोस्टसमोर उभा राहतो. पण छापील कागद कुणाच्या वाट्याला येतो, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असावे? बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५चा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू कित्येक दशके तिथे लगदा होऊन कागद बनला. एप्रिल २०११ मध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेला स्वतः वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळाला आणि गाव आपला बांबू आपण विकू लागले. बांबूचा हक्क असा आला. कागदावर नाव यायचे बाकी आहे.

म्हणून धानोऱ्यातल्या त्या पोराने सुरुवात छेत्रीपासून जरूर करावी. संदर्भ कसा लावायचा, दोन आकडे शेजारी कसे मांडायचे, आपला बदल कुणी उलटवला तर न चिडता चर्चा कशी करायची, ही तालीम नामवंताच्या पानावर उत्तम होते, कारण तिथे चूक धरणारे दहाजण बसलेले असतात. एवढे लक्षात ठेवावे की वर्तमानपत्रातला परिच्छेद किंवा फोटो उचलून तिथे चिकटवता येत नाही. मजकूर आपल्या शब्दांत लिहावा, फोटो आपण काढलेला टाकावा. इंग्रजी विकिपीडियावरून अनुवाद चालतो, फक्त मूळ लेखाचा उल्लेख करावा.

तालीम झाली की मग गावाकडे वळावे, पण सरळ संपादनाच्या खिडकीत नव्हे. आधी आज्याजवळ बसून खेळाचे नियम वहीत उतरवावेत, वनहक्काच्या दाव्यासाठी जबाब घेतात तसे: सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख. ग्रामसभेने ते तपासावे. एखाद्या महाविद्यालयाच्या अंकात, अभ्यासकाच्या पुस्तकात ते छापून यावे. २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीतच आहे, म्हणजे त्यासाठी नागपूरची वाटही धरायला नको. मग विकिपीडियावरच्या त्या खेळाच्या दोन ओळींपुढे लावायला एक आकडा मिळेल, चौकोनी कंसातला बारका [१]. तो दाबला की खाली संदर्भात आज्याचे नाव दिसेल.