स्पीकर स्टँड कसा निवडायचा? उंची, वजन आणि फरशीचं साधं गणित

‘बुकशेल्फ स्पीकर’ हे नाव थोडं फसवं आहे. नावात शेल्फ असलं, तरी टीव्हीच्या शोकेसमध्ये कोंबल्यावर यातले बहुतेक स्पीकर नीट वाजत नाहीत. आवाज घुमतो, गाण्याचे शब्द पुसट येतात आणि आपण नवा ॲम्प्लिफायर शोधायला लागतो. बऱ्याचदा गरज असते ती फक्त एका चांगल्या स्टँडची.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहायला मंगळवेढ्यात. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात स्टँड ऑनलाइन मागवता येतो, तसाच तो वेल्डिंगवाल्याकडून बनवूनही घेता येतो. दोन्हीकडे तपासायच्या गोष्टी त्याच: ट्वीटर कानाच्या उंचीवर आला पाहिजे आणि स्टँड सहज कलंडता कामा नये. बाकी सगळं यानंतर.

उंची: आधी स्वतःचा कान मोजा

स्पीकरमधला छोटा घुमट म्हणजे ट्वीटर. तो वरच्या पट्टीतले, म्हणजे उच्च वारंवारतेचे आवाज काढतो. हे आवाज टॉर्चच्या झोतासारखे बऱ्यापैकी सरळ जातात. कान झोताच्या बाहेर गेला की झांजेची धार आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरं बोथट होतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. साधारण २ ते ३ हजार हर्ट्झच्या आसपास ट्वीटर आणि वूफर दोघंही तोच आवाज काढत असतात. २,५०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १४ सेमी. स्पीकर जमिनीवर ठेवला, तुम्ही दीड-पावणेदोन मीटरवर खुर्चीत बसलात आणि ट्वीटर-वूफरमध्ये १५ सेमी अंतर असेल, तर वूफरचा आवाज जवळजवळ ७ सेमी जास्त प्रवास करून कानापर्यंत येतो. ७ सेमी म्हणजे अर्धी लहर! दोन्ही लहरी एकमेकींना मारायला लागतात. हा खड्डा नेमका गाण्याचे शब्द स्पष्ट करणाऱ्या पट्ट्यात पडतो.

सूत्र सोपं आहे:

स्टँडची उंची = बसल्यावर जमिनीपासून कानाची उंची − स्पीकरच्या तळापासून ट्वीटरची उंची

समजा सोफ्यावर तुमचा कान ९० सेमीवर आहे आणि ट्वीटर तळापासून २४ सेमीवर. मग स्टँड हवा ६६ सेमीचा. बाजारात सहज मिळणारा २४ इंची, म्हणजे ६१ सेमीचा स्टँड इथे चालतो. पाच सेमीचा फरक दोन मीटरवरून दीड अंशाइतकाच पडतो. पण तुम्ही गादीवर लोडाला टेकून ऐकत असाल, तर कान ७० सेमीच्या आसपास येतो आणि स्टँड लागतो ४६ सेमीचा. आपल्याकडे जमिनीवर बसून ऐकणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे कुणाचा आकडा उचलू नका, टेप घेऊन स्वतः मोजा. स्टँड आधीच घेतलाय आणि तो ठेंगणा निघाला? स्पीकरच्या पुढच्या कडेखाली रबराची पट्टी घालून त्याचं तोंड कानाकडे वळवा.

वजन: खाली जड, वर हलकं

घरात लहान मूल असेल तर हा भाग नीट वाचा. उदाहरण घेऊ: ६ किलोचा, ३० सेमी उंचीचा स्पीकर, ६० सेमीचा स्टँड, ३० सेमी रुंद तळपट्टी आणि पावणेतीन किलोचा पाइप.

तळपट्टी २ किलोची असेल, तर स्पीकरच्या वरच्या कडेला बाजूने सुमारे १.८ किलोचा जोर लावला की सगळं आडवं होतं. तळपट्टी ६.६ किलोची केली आणि पाइपमध्ये ५ किलो वाळू भरली, तर तोच आकडा ३.४ किलोवर जातो. जवळजवळ दुप्पट!

तरीही, धरून उभं राहायला शिकणाऱ्या मुलासाठी ३.४ किलो फार नाही. अशा घरात स्पीकर पट्ट्याने स्टँडला आणि स्टँड भिंतीला बांधा, नाहीतर मूल मोठं होईपर्यंत सरळ भिंतीवरचा ब्रॅकेट वापरा. आवाजात थोडी तडजोड होईल, ती करा.

वाळू कशासाठी?

रिकाम्या लोखंडी पाइपवर टिचकी मारा, ‘टण्ण’ वाजेल. स्पीकर चालू असताना पाइप तसाच थोडाफार थरथरतो. आत वाळू असेल तर कण एकमेकांवर घासून ती थरथर जिरवतात आणि टिचकीला ‘ठप्प’ आवाज येतो. स्टँड विकत घेताना हीच चाचणी करा.

वाळू चाळून, कडक उन्हात पूर्ण वाळवून भरा. ओली राहिली तर पाइप आतून गंजेल. आधी आत प्लॅस्टिकची लांब पिशवी सोडली की गळती होत नाही. आणि हो, आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन असलं, तरी पाइपात ती भरू नका. धान्याला कीड लागते.

स्पाइक की रबर?

महागड्या स्टँडला खाली टोकदार स्पाइक असतात. जाड गालिच्यातून आरपार जाऊन स्टँड खालच्या जमिनीवर घट्ट उभा राहावा, हा त्यांचा खरा उपयोग. आपल्या शहाबादी किंवा टाइल्सच्या फरशीवर ते फक्त चरे पाडतात. रबरी पाय लावा, पण स्क्रूने वर-खाली होणारे. जुनी शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते आणि डुगडुगणारा स्टँड चांगल्या स्पीकरचीही मजा घालवतो.

अशी फरशी आवाज चांगलाच परावर्तित करते. तुमच्या आणि स्पीकरच्या मधे जाड सतरंजी किंवा घडी घातलेली सोलापुरी चादर टाका. फरक वरच्या पट्टीतच पडेल, पण कर्कशपणा कमी होईल.

वेल्डिंगवाल्याला काय सांगायचं?

कागदावर मापं लिहून द्या, तोंडी सांगू नका.

१. मधला खांब: ३ इंची चौकोनी पाइप. ६० सेमीला साधारण ५ किलो वाळू बसते.
२. तळपट्टी: ३० × ३५ सेमी, ८ मिमी जाड. वजन सुमारे ६.६ किलो.
३. वरची प्लेट: स्पीकरच्या तळाएवढी किंवा किंचित लहान. मधे वाळू भरायला भोक आणि त्याला बूच.
४. तळपट्टीच्या चार कोपऱ्यांत आटे पाडलेली भोकं, रबरी पायांच्या स्क्रूसाठी.
५. वेल्डिंगआधी गुण्या लावून काटकोन तपासायला सांगा. खांब तिरका जोडला गेला तर नंतर दुरुस्ती अवघड.
६. दोन्ही स्टँडचे पाइप एकत्र धरून कापा, म्हणजे उंची सारखी येते.

रंग पूर्ण वाळल्यावर, स्टँड जागेवर नेऊनच वाळू भरा. प्लेट आणि स्पीकरच्या मधे चार कोपऱ्यांत पातळ रबर ठेवा.

शेवटची चाचणी

दोन्ही स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून तुमचं अंतर साधारण सारखं ठेवा. आता ओळखीचं गाणं लावा, पंडित भीमसेन जोशींचा एखादा अभंग उत्तम. गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून यायला हवा. तो घुमत असेल तर स्टँड भिंतीपासून दहा-दहा सेमी पुढे ओढत ऐका, कारण भिंत जवळ असली की खर्ज फुगतो. मनासारखा आवाज आला की फरशीवर खडूने खूण करा. झाडू-पोछा झाल्यावर स्टँड परत त्याच जागी ठेवता येईल.