जिजाऊंच्या जिल्ह्याची शिरगणती

बुलढाणा जिल्ह्यात कोणाला गाव विचारले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याची सरळ फाळणी केली आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. घाटाखाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, आणि पूर्णेपलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर. माणसे कुठे राहतात, तिथेच का राहतात, कधी वाढतात, कधी घटतात आणि कुठे निघून जातात, याचा अभ्यास म्हणजे लोकसंख्या भूगोल. तो समजून घ्यायला हे तेरा तालुके पुरेसे आहेत.

सरासरीच्या आड काय?

2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 25,86,258 भरली. क्षेत्रफळ 9,661 चौरस किलोमीटर. भागाकार केला की दर चौरस किलोमीटरला 268 माणसे येतात. राज्याची घनता तेव्हा 365 होती. पण या 268 मध्ये आंबाबरवा आणि ज्ञानगंगा अभयारण्यांचे जंगलही मोजले गेले आहे. तिथे शेती नाही, वस्ती तुरळक. म्हणून अभ्यासक केवळ एकूण जमिनीमागे किती माणसे एवढेच न पाहता कसण्याजोग्या जमिनीमागे किती, हेही पाहतात. शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्याचा खरा ताण तिथे कळतो.

घाटाखालच्या खारपाणपट्ट्याचेच पाहा. जमीन काळी, खोल, कसदार. पण विहीर खणली तर पाणी खारट. ना पिण्याच्या कामाचे, ना ओलिताच्या. त्यामुळे नुसत्या जमिनीच्या प्रतीवरून किती माणसे पोसली जातील हे ठरवता येत नाही.

वाहतूकही माणसे ओढते. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबई–हावडा लोहमार्गावर आली. कापसाच्या बाजारपेठेसाठी खामगावला जलंबहून फाटा मिळाला. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बुलढाण्याला आजही रेल्वे नाही, आणि लोकसंख्येने खामगाव त्याच्यापेक्षा मोठे आहे.

मरण कमी झाले, मग जन्म

लोकसंख्या नेहमी वाढतच आली, असा आपला समज असतो. 1901 च्या शिरगणतीत बुलढाणा जिल्ह्यात 4,23,616 माणसे होती, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे 12 टक्क्यांनी कमी. 1896–97 आणि 1899–1900 च्या दुष्काळांनी ही तूट पाडली होती. 1905 मध्ये वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना होऊन बुलढाण्याला नवा मुलूख जोडला गेला. त्या वाढीव हद्दीत 1901 ची लोकसंख्या 6,13,756 होती. त्या मानाने 2011 पर्यंत ती चौपटीहून अधिक झाली.

जगभर हा क्रम सारखाच दिसतो. आधी जन्म आणि मृत्यू दोन्ही भरपूर, त्यामुळे वाढ नगण्य. मग लस, औषध, धान्य पोचते, मृत्यू घटतात, जन्म मात्र तसेच राहतात आणि संख्या फुगते. शेवटी कुटुंबे लहान होतात. यालाच लोकसंख्येचे संक्रमण म्हणतात. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर बाईमागे 1.7 मुले इतका खाली आला. एका पिढीची जागा दुसरीने भरून काढायला साधारण 2.1 लागतो. तरी संख्या लगेच घटत नाही, कारण आधी जन्मलेली तरुण मंडळी आता संसाराला लागलेली असतात.

मुली कुठे गेल्या?

12 जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी माणसांचा पूर लोटतो. त्याच जिल्ह्यात 2011 साली 0 ते 6 वयोगटात हजार मुलांमागे 855 मुली होत्या. 2001 मध्ये त्या 908 होत्या. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण 950 मुली जन्मतात. उरलेली तूट माणसाने पाडली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा करणारे राज्य महाराष्ट्रच, 1988 साली. तरीही 2015 मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेसाठी देशातून निवडलेल्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत बुलढाण्याचे नाव आले.

गंमत अशी की सर्व वयांचे मिळून जिल्ह्याचे स्त्री-पुरुष प्रमाण तेव्हा 934 होते, राज्याच्या 929 पेक्षा चांगले! केवळ एकूण आकडा पाहणाऱ्याला पाळण्यातली तूट दिसलीच नसती. तेव्हाची ही बालके 2027 मध्ये 16 ते 22 वर्षांची असतील. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही तक्रार आज गावोगावी ऐकू येते. कोरडवाहू शेतीला भाव नाही, हे तिचे एक कारण. आता या घटलेल्या संख्येचीही त्यात भर पडणार आहे.

त्यात तरुण पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला, सुरतेला कामाला जातात. बेभरवशाचा पाऊस इथून ढकलतो, कारखान्याचा पगार तिथे ओढतो. गावात म्हातारी माणसे मागे राहतात. त्यामुळे ‘लोकसंख्या किती’ यापेक्षा ‘कोणत्या वयाची, कोणती, कुठे’ हे प्रश्न बुलढाण्यासाठी अधिक महत्त्वाचे आहेत.

2021 ची जनगणना झालीच नाही. शाळा, दवाखाने, पाणीयोजना यांसाठी अजूनही 2011 च्याच मोजणीचा आधार घ्यावा लागतो. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन 1 मार्च 2027 आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावू नका. म्हाताऱ्यांची वये नीट सांगा, कामासाठी कोण कुठे गेले ते सांगा, आणि घरातल्या प्रत्येक लेकीचे नाव नोंदवून घ्या.