दुवे मागून जुळतात

झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली ती एका मरणाने. कोकणातल्या वाड्यात अण्णा नाईक वारतात, पांगलेली मुलं-सुना जमतात आणि वाड्यात विपरीत घडायला लागतं. हे भुताचं काम की माणसाचं, या प्रश्नावर मालिका ऑक्टोबरपर्यंत चालली आणि संपली. पण १४ जानेवारी २०१९ रोजी तिचं दुसरं पर्व आलं. त्याने गोष्ट पुढे नेण्याऐवजी काळच मागे नेला. मेलेले अण्णा माधव अभ्यंकरांच्या रूपाने जिवंत होऊन वाड्यात वावरू लागले, आणि पहिल्या पर्वात केंद्रस्थानी नसलेली अण्णांची प्रेयसी शेवंता अपूर्वा नेमळेकरांमुळे घराघरात पोचली. पहिलं पर्व पाहिलेल्या प्रेक्षकाला आता एक नवाच उद्योग मिळाला. मुलांच्या तोंडून अण्णांविषयी तेव्हा जे अर्धवट ऐकलं होतं, ते आता डोळ्यांसमोर घडणाऱ्याशी जुळतं का? कुणाचा तेव्हाचा राग इथल्या कुठल्या प्रसंगातून आला असेल? अशा जुळवाजुळवीलाच आता ‘फॅन थिअरी’ म्हणतात.

या उद्योगाबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक, की हा रिकामटेकड्यांचा खेळ आहे. दुसरं मत चाहत्यांचं, की लेखकाने सगळं आधीच ठरवून पेरलेलं असतं, आपण फक्त उकरून काढायचं. दोन्ही मतांमागे एकच समज आहे: दुवा एकतर लेखकाच्या मनात आधीपासून असतो, नाहीतर नसतोच. भागाभागांनी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीला ही समज लागू पडत नाही. अशा गोष्टीतले बहुतेक दुवे मागाहून जोडलेले असतात. आणि ते जोडताना लेखक जे करतो, तेच प्रेक्षक करत असतो.

रोजची मालिका कशी बनते हे पाहिलं की हे पटेल. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी कामाची वाटणी बहुतेक ठिकाणी असते. प्रक्षेपणाच्या पुढे थोडेच भाग तयार असतात. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात. एखादं पात्र लोकांनी उचलून धरलं की त्याचे प्रसंग वाढतात, एखादं उपकथानक थंड पडलं की गुंडाळलं जातं. किती भाग होणार हेच नक्की नसलेल्या गोष्टीत तीनशेव्या भागाचं बीज तिसऱ्या भागात कोण पेरणार? लेखक तीनशेव्या भागाशी येतो तेव्हा मागे वळून पाहतो, तिसऱ्या भागात सहज टाकलेलं काय वापरता येईल ते शोधतो आणि त्याला खुणेचा दर्जा देतो. ‘रात्रीस खेळ चाले’चं दुसरं पर्व म्हणजे याच कामाचा मोठा नमुना. पहिल्या पर्वातला मृत बाप लेखकांनी उचलला आणि त्याच्या मागे एक आख्खं आयुष्य उभं केलं. मालिकेचे लेखक प्रल्हाद कुडतरकर यांनी पांडूची भूमिकाही केली होती, हा योगायोग मजेदार आहे. ‘इसारलंय’ म्हणत फिरणारा तो गडी खरंच विसरतो की सोंग करतो, हे कोडं पडद्यावर होतं. आणि ते वागवणारा माणूस मात्र कोण काय विसरलं, काय नाही, याचा हिशेब ठेवणारा लेखकच होता.

आधी आखलेले दुवे नसतातच असं नाही. ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेच्या २००९च्या दुसऱ्या पर्वात पहिल्या, चौथ्या, दहाव्या आणि तेराव्या भागांची शीर्षकं सलग वाचली की आल्बुकर्की शहरावर ७३७ विमान कोसळणार, हे वाक्य तयार होतं. पर्वाचा शेवट तोच आहे. हे मुद्दाम केलेलं होतं, कारण त्या पर्वाची आखणी आधी झाली होती. पण त्याच मालिकेच्या शेवटच्या पर्वाच्या सुरुवातीला नायक गाडीच्या डिकीतली मशीनगन पाहताना दिसतो. ती तो कशासाठी वापरणार, हे तो प्रसंग लिहिताना आपल्यालाही ठाऊक नव्हतं, असं कर्ते व्हिन्स गिलिगन यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं. आधी बंदूक ठेवली, कारण पुढे शोधलं. पाहणाऱ्याला मात्र विमान आणि बंदूक दोन्ही सारखीच ‘पेरलेली’ वाटतात. आपल्याकडे २०१८च्या ‘सेक्रेड गेम्स’ने अश्वत्थामा, हलाहल, आतापी वातापी, ब्रह्महत्या, ययाती अशी भागांची नावं ठेवून प्रेक्षकाला उघडच आमंत्रण दिलं. वातापीची गोष्ट ज्याला माहीत आहे, त्याने ते नाव वाचताच पाहुणचारातल्या दग्याची वाट पाहायला सुरुवात केली असणार.

ही वाट पाहायची सवय आपल्याला टीव्हीने लावलेली नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं महागाव घ्या. नागपूर-तुळजापूर महामार्गावरचं हे तालुक्याचं गाव. एका अंगाला पुसद, पुढे उमरखेड, पैनगंगा ओलांडली की माहूर. कापूस-सोयाबीनच्या या मुलखात भागवत सप्ताह हा वर्षाच्या रहाटीचा भाग आहे. सप्ताह म्हणजे सात दिवसांत विभागलेली गोष्ट, आणि तीत दुव्यांची रेलचेल. वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय यांना सनकादिकांचा शाप होतो. तेच पुढे हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, मग रावण-कुंभकर्ण, मग शिशुपाल-दंतवक्र म्हणून जन्म घेतात. वेगवेगळ्या दिवशी ऐकलेल्या राक्षसांमागे तीच दोन माणसं आहेत, हे कळण्यातला आनंद आणि मालिकेतल्या दोन पात्रांचं जुनं नातं उघड होण्यातला आनंद यांची जात एकच. नारदीय कीर्तनातही उत्तररंगातलं आख्यान पूर्वरंगातल्या अभंगाशी कुठे येऊन मिळतं, याकडे श्रोत्याचे कान लागलेले असतात. या परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकाला ‘असंभव’ या मराठी मालिकेतला पुनर्जन्म समजावून सांगावा लागला नाही.

या परंपरेतही दुवे मागाहूनच जोडले गेल्याचा पुरावा आहे, आणि तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने दिला आहे. १९१९ ते १९६६ या काळात संस्थेने १,२५९ हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. मयसभेत पाण्यात पडलेल्या दुर्योधनाला द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणून हिणवते, हे आपण सगळेच जाणतो. या आवृत्तीत ते वाक्य नाही. तिथे हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि सेवक. पुढे धृतराष्ट्राकडे गाऱ्हाणं नेताना मात्र दुर्योधन, द्रौपदीही इतर स्त्रियांबरोबर हसली, असं सांगतो. एका दुखावलेल्या माणसाच्या तक्रारीतलं हे एक टोक. ते धरून पुढच्या कथेकऱ्यांनी सूत वाढवलं. कारण श्रोत्यांच्या मनात प्रश्न होता: भर सभेत वस्त्रहरण करण्याइतका राग, आणि तोही द्रौपदीवरच, कशाचा? टोमण्याने दोन प्रसंग जोडले गेले आणि १९८८च्या ‘महाभारत’ मालिकेपर्यंत तो टोमणा मूळ गोष्टच होऊन बसला. एका अर्थाने ही आपल्या इतिहासातली सर्वांत यशस्वी फॅन थिअरी. ती चांगली आहे का, हा वेगळा प्रश्न. माझ्या मते ती वाईट आहे, कारण तिने वस्त्रहरणाचा थोडा दोष गुपचूप द्रौपदीच्या पदरात टाकला. जोडलेला दुवा निरुपद्रवी असतोच असं नाही, हेही त्यातून दिसतं.

तालुक्याच्या गावांत मालिकांचे तर्क लढवण्याला आणखी एक साधं कारण होतं. ‘असंभव’ चालू होती त्या २००७ ते २००९च्या काळात ग्रामीण महाराष्ट्रात रोज कित्येक तासांचं भारनियमन असे. ऐन भागात वीज गेली की मधला दुवा हरवे. तो शेजाऱ्याला विचारून नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या भागावरून अंदाजाने भरून काढावा लागे. आज मोबाइलवर जुना भाग हवा तेव्हा काढता येतो, थांबवता येतो, मागे नेता येतो. त्यामुळे तर्काची जात बदलली. तेव्हा तो स्मरणावर उभा असे, आता चौकटीतल्या पुराव्यावर उभा राहतो. पण पुरावा वाढला म्हणून तर्क नेमके झाले, असं नाही. चित्र थांबवता आलं की भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा संशयित वाटायला लागतं.

पहिला खरा आक्षेप इथे येतो. माणसाचा मेंदू ठिपके दिसले की रेषा ओढतोच. मग या दुव्यांना अर्थ काय? आक्षेपात तथ्य आहे. त्याचं टोक पाहायचं असेल तर १९८८ साली संपलेल्या ‘सेंट एल्सव्हेअर’ या अमेरिकन मालिकेकडे पाहावं. शेवटच्या प्रसंगात असं सूचित होतं की आख्खं रुग्णालय टॉमी वेस्टफॉल नावाच्या स्वमग्न मुलाच्या कल्पनेतलं आहे. मग चाहत्यांनी हिशेब मांडला: या मालिकेतली पात्रं ज्या दुसऱ्या मालिकांत गेली त्याही त्याच्या कल्पनेतल्या, त्यांच्याशी जोडलेल्या आणखी मालिकाही तशाच. यादी शेकड्यांत गेली. ब्रायन वेदरसन या तत्त्वज्ञाने त्यावर आक्षेपांचा लेख लिहिला. त्यातला एक मुद्दा अगदी घरगुती शहाणपणाचा आहे: एखादी गोष्ट स्वप्नात दिसली म्हणून ती खऱ्या जगात नसते, असं होत नाही. हाच वेस्टफॉल-न्याय इथे लावून पाहा. झी मराठीच्या मालिकांतली पात्रं आपापल्या वेशात ‘चला हवा येऊ द्या’ या विनोदी कार्यक्रमाच्या मंचावर जात, आणि महासंगमाच्या भागांत एका मालिकेचं कुटुंब दुसरीच्या घरी कार्याला जाई. म्हणजे वाहिनीची सगळी घराणी एकाच विश्वातली, आणि त्या विश्वाची राजधानी म्हणजे त्या कार्यक्रमातलं काल्पनिक गाव थुकरटवाडी! हा तर्क खोटा पाडता येत नाही, आणि नेमकं म्हणूनच तो निकामी आहे. पडद्यावर काय घडलं तर तो चुकेल, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. उलट ‘या पात्राने अमुक रात्री खोटं सांगितलं’ असा तर्क पुढच्या आठवड्यात उताणा पडू शकतो. ती जोखीम घेणारा तर्क मालिकेचे दोन भाग जास्त लक्ष देऊन पाहायला लावतो. जोखीम न घेणारा कुठलाही भाग न पाहतासुद्धा मांडता येतो.

दुसरा आक्षेप असा, की मालिकांतल्या विसंगती या निव्वळ चुका असतात, त्यांना रहस्य समजणं हा भाबडेपणा. याचं उत्तर शेरलॉक होम्सच्या वाचकांनी शंभर वर्षांपूर्वीच दिलं. डॉ. वॉटसनला अफगाणिस्तानात लागलेली गोळी १८८७च्या कादंबरीत खांद्यात आहे, १८९०च्या कादंबरीत पायात. कॉनन डॉयल विसरले, इतकंच. १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी होम्सकथांवर धर्मग्रंथाच्या भाष्यकाराच्या थाटात निबंध वाचला, आणि तेव्हापासून अशा चुकांची गंभीर चेहऱ्याने उपपत्ती लावण्याचा खेळ रूढ झाला. खेळणाऱ्यांना ती चूक आहे हे पक्कं ठाऊक असतं. चूक लेखकाची म्हणून सोडून द्यायची की गोष्टीच्या आत तिला जागा करून द्यायची, एवढाच प्रश्न. आणि दुसरं करायला लेखकाइतकीच कल्पकता लागते.

कोण पाहतंय यावरही दुवा अवलंबून असतो. ‘रात्रीस खेळ चाले’चा सिंधुदुर्गातला वाडा महागावहून सरळ रेषेतही सुमारे सहाशे किलोमीटर दूर. इकडे घरात वऱ्हाडी, तांड्यावर गोरमाटी. ‘झिल’, ‘चेडू’, ‘घोव’ हे शब्द मालिकेनेच शिकवले. मालवणी प्रेक्षकाला राखणदाराला घातलेलं गाऱ्हाणं ही नेहमीची रीत वाटेल आणि तो पुढे जाईल. पैनगंगेकाठचा प्रेक्षक तिथेच थबकून त्यात खूण शोधेल. पण शब्द कळत नाहीत म्हणून चेहरे बारकाईने पाहणाऱ्या याच प्रेक्षकाला, कोण कुणाकडे पाहायचं टाळतंय, हे आधी दिसण्याचीही शक्यता आहे.

तर्क कुठे थांबवायचा, हे समजण्यासाठी पडद्यामागची माहिती लागते. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरणं थांबली, नंतर अटी घालून सुरू झाली. त्या अटींतल्या मालिकांत पात्रं एकमेकांपासून दूर उभी राहतात आणि गर्दीचे प्रसंग नाहीसे होतात. त्यात दुरावलेली मनं शोधणं व्यर्थ. ‘रात्रीस खेळ चाले’च्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता भूत होऊन वाड्यात परतले, आणि पर्व चालू असतानाच शेवंताच्या भूमिकेत नेमळेकरांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या. भुताचा चेहरा का बदलला, याचा अर्थ वाड्याच्या इतिहासात शोधण्यात हशील नाही. मात्र त्या दिवसापासून पुढे नव्या शेवंताच्या तोंडी जी वाक्यं आली, ती आधीच्या शेवंताच्या वागण्याशी जुळतात की नाही, हे विचारणं पूर्ण रास्त आहे. चेहरा बदलला तेव्हा लेखकालाही मागचे भाग काढून नेमकं हेच तपासावं लागलं असणार.