महिलांची केसगळती : तेल बदलण्यापूर्वी कारण शोधा

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ मध्ये केसगळतीची विलक्षण साथ सुरू झाली. आधी डोक्याला खाज, मग नुसत्या हाताने ओढले तरी सुटून येणारे केस आणि काही दिवसांतच टक्कल, असा तिचा क्रम होता. जानेवारी २०२५ पर्यंत १८ गावांतील २७९ जणांना ही बाधा झाली. त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थिनी व तरुण मुलींची संख्या लक्षणीय होती. संशयाची सुई प्रथम शाम्पूकडे, नंतर बुरशीकडे आणि विहिरींच्या क्षारयुक्त, नायट्रेट असलेल्या पाण्याकडे वळली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकानेही गावांत जाऊन नमुने घेतले.

विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या प्रकरणाचा स्वतंत्रपणे अभ्यास केला. रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचे प्रमाण सुमारे ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले आढळले, तर जस्ताचे प्रमाण घटलेले होते, असे त्यांनी नमूद केले. स्वस्त धान्य दुकानांतून मिळालेला, पंजाब-हरियाणाकडून आलेला गहू हा या सेलेनियमचा स्रोत असल्याचा त्यांचा निष्कर्ष आहे. पंजाबच्या होशियारपूर व नवांशहर परिसरातील काही जमिनी सेलेनियमयुक्त असल्याची नोंद जुनीच आहे. शरीराला हे मूलद्रव्य अत्यल्प, मायक्रोग्रॅममध्ये मोजावे इतकेच लागते. ते अति झाल्यास केस व नखांच्या केराटिन प्रथिनातील गंधकाची जागा घेते आणि त्यांची घडण कमकुवत करते. हा गहू खाणे थांबवल्यावर पाच-सहा आठवड्यांत काहींचे केस पुन्हा उगवू लागले. एप्रिलमध्ये मात्र याच भागातून नखे गळण्याच्या तक्रारी आल्या.

ही घटना अपवादात्मक असली, तरी केस गळण्याचे कारण टाळूपासून दूर, ताटात किंवा रक्तात असू शकते, हे तिच्यातून स्पष्ट होते. महिलांच्या नेहमीच्या केसगळतीलाही हेच लागू पडते.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि मग गळतो. बाळंतपण, टायफॉइड वा डेंग्यूचा ताप, शस्त्रक्रिया, उपासमारीसारखे डाएट किंवा तीव्र मानसिक आघात यांमुळे असंख्य केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळू लागतात. तोपर्यंत आजार विस्मरणात गेलेला असतो. दोष लागतो तो नव्या साबणाला किंवा बदललेल्या गावच्या पाण्याला. अशी केसगळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. म्हणूनच ‘गेल्या तीन-चार महिन्यांत काय झाले होते?’ या प्रश्नाचे उत्तर तपासणीला जाण्यापूर्वी आठवून ठेवावे.

भांग हळूहळू रुंदावत जाणे आणि कपाळावरची केसांची रेषा मात्र कायम राहणे, हा आनुवंशिक विरळपणा होय. त्याच्या जोडीला मासिक पाळीची अनियमितता, मुरुमे व चेहऱ्यावरील लव असल्यास बीजाशयाच्या विकाराची (पीसीओएस) तपासणी आवश्यक ठरते. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा म्हणजे चाई. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करते. रोज करकचून घातलेल्या वेण्या व अंबाड्यामुळे कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात. ही सवय वेळीच सोडली तर ते परत येतात. वर्षानुवर्षे ताण पडत राहिल्यास मुळेच नष्ट होतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिला रक्तक्षयग्रस्त आहेत. त्यामुळे हिमोग्लोबिन, शरीरातील लोहसाठा दर्शवणारे फेरिटिन आणि थायरॉइड या तपासण्या महागड्या तेलाआधी व्हायला हव्यात. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकते. ‘केसांच्या गोळ्या’ मात्र मनाने घेऊ नयेत. त्यांतील बायोटिनमुळे थायरॉइडच्या चाचणीचे निष्कर्ष चुकू शकतात. शिवाय अनेक गोळ्यांत सेलेनियमही असते! अमेरिकेत २००८ मध्ये सेलेनियमचे प्रमाण चुकलेल्या एका पूरक औषधाने सुमारे २०० जणांना विषबाधा झाली होती आणि केसगळती हे तिचे ठळक लक्षण होते.

आनुवंशिक विरळपणावर डोक्याला लावण्याचे मिनॉक्सिडिल हे सर्वाधिक अभ्यासलेले औषध आहे. सुरुवातीचे काही आठवडे केस अधिक गळतात आणि घाबरून अनेक जणी ते बंद करतात. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि औषध थांबवल्यास लाभही ओसरतो. गर्भवती व स्तनदा मातांनी ते वापरू नये.

टाळूची आग होणे, पू येणे किंवा त्वचा चकचकीत होऊन केसांची छिद्रेच दिसेनाशी होणे, ही लक्षणे असल्यास थांबू नये. त्या प्रकारात गेलेले केस परत येत नाहीत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या, मग ते अकोला असो, नागपूर असो वा जबलपूर, त्वचारोग विभागात ही तपासणी करून घेता येते. एकाच घरातील किंवा गावातील अनेकांचे केस एकाच वेळी गळू लागल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राला तत्काळ कळवावे आणि घरातील धान्याचा थोडा नमुना बाजूला काढून ठेवावा.