वहीचा समास आणि तुमचा स्क्रीन

कल्पना करा, येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानदाराने तुम्हाला काम दिलंय : ‘आमच्या धंद्याचं सॉफ्टवेअर करून द्या.’ तुम्ही स्टॉक, बिलिंग, जीएसटी, रिपोर्ट असं सगळं झोकात बसवून देता. महिन्याभराने जाऊन बघता, तर कॉम्प्युटरवर नुसती बिलं निघतायत आणि खरा हिशेब पुन्हा वहीत! असं का होतं?

कारण तुमचा फॉर्म रेडीमेड कपड्यांच्या दुकानासाठी बनलाय. तिथे माल येतो आणि विकला जातो. पैठणीत दुकानदार विणकराला रेशीम आणि जर देतो, मजुरी ठरते, मधे अडीनडीला उचल दिली जाते. साडी मागावरून उतरायला नक्षीप्रमाणे कधी काही आठवडे, तर कधी कित्येक महिने लागतात. काठ नारळी की मुनिया, पदरावर मोर किती, हे साडीगणिक वेगळं. आणि तुमचा फॉर्म विचारतो, ‘साइज? एक्सएल की डबल एक्सएल?’ वहीत निदान समासात लिहिता येतं, ‘दिवाळीला दोन हजार उचल.’ फॉर्मला समासच नाही.

ही गंमत वाटेल, पण उचलीची एक नोंद चुकली की तिचा फटका बसतो विणकराच्या मजुरीला.

मागाकडे बघा

मग फॉर्ममध्ये सगळंच बदलता येईल असं ठेवायचं का? उत्तर मागावरच आहे. ताण्याचे उभे धागे एकदा बसले की ते साडी उतरेपर्यंत तसेच राहतात. नक्षी होते ती आडव्या धाग्यांत : विणकर रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या फिरवत मोर उठवतो. फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४ च्या सुमारास आणलेल्या यंत्राचंही तेच. माग तोच, भोकं पाडलेली कार्डं बदलली की नक्षी बदलते.

सॉफ्टवेअरलाही ताणा लागतो. हिशेबाचे नियम, कराची गणितं, कुणी काय बघायचं याचे अधिकार, हे पक्कं. रकान्यांची नावं, त्यांचा क्रम, काय दाखवायचं आणि काय लपवायचं, हे दुकानागणिक बदलणारं.

मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ‘ईआरपीनेक्स्ट’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उघडून बघा. त्यात ‘कस्टमाइझ फॉर्म’ नावाची सोय आहे. कोडची एक ओळही न लिहिता तुम्ही नवा रकाना जोडता, नको तो लपवता, नाव बदलता. म्हणजे ‘साइज’ गायब आणि तिथे ‘काठ’ हजर. हे बदल मूळ प्रोग्रामपासून वेगळे साठवले जातात, म्हणून नवी आवृत्ती आली तरी ते सहसा टिकतात. पण एकदा पक्क्या केलेल्या बिलाची रक्कम मात्र गुपचूप बदलता येत नाही. ते रद्द करून नवं करावं लागतं. ताणा आणि बाणा, दोन्ही आहेत की नाही?

एक धंदा, तीन स्क्रीन

आता माणसं बघा. मालकाला कुठल्या मागावर काय चाललंय आणि कुणाकडे किती येणं आहे, हे हवं. काउंटरवरच्या मुलाला लग्नसराईच्या गर्दीत फक्त किंमत आणि बिल. आणि विणकराला? त्याला मोबाइलवर, मराठीत, चार आकडे पुरेत : मिळालेलं रेशीम, मिळालेली जर, घेतलेली उचल, उरलेली मजुरी. ते समोर असले की चूक त्याच दिवशी दाखवता येते. माहिती एकच, पण प्रत्येकाला आपल्या कामापुरती.

मोकळीक देतानाही दोन खड्डे सांभाळा. पहिला : प्रत्येकाला हवं ते नाव टाकू दिलं, तर एक जण ‘नारळी’ लिहितो, दुसरा ‘नारळी काठ’, तिसरा ‘नारळीकाठ’, आणि महिनाअखेर बेरीज लागत नाही. अशा ठिकाणी यादीतून निवडायला लावा. दुसरा : स्क्रीनने आपल्या मनाने बदलू नये. मायक्रोसॉफ्टने ‘ऑफिस २०००’ मध्ये कमी वापरातली बटणं मेनूतून आपोआप लपवायला सुरुवात केली. हेतू चांगला होता, पण रोजची वस्तू जागेवर सापडेना म्हणून लोक वैतागले. पुढे २००७ च्या वर्ड-एक्सेलमध्ये ते मेनू जाऊन रिबन आली. बदल माणसाने करावा, आणि तो चुकला तर परत फिरता यावं.

म्हणून पुढच्या प्रोजेक्टला लॅपटॉप उघडायच्या आधी एखाद्या दुकानात जा. येवल्यात पैठणीवाला असेल, लासलगावात कांद्याचा आडत्या, तुमच्या गावात आणखी कुणी. त्यांच्या परवानगीने वही बघा. रकान्यांत काय लिहिलंय ते वाचाच, पण समासात काय खरडलंय ते आधी उतरवून घ्या. तुमच्या फॉर्ममधले राहिलेले रकाने तिथेच सापडतील.