नोंद नसलेली धूळ

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कुठलाही तक्ता समोर आला, की तो आधी शेवटचा रकाना वाचतो. अमेरिकेत निवृत्त सैनिकांचे दावे तपासणाऱ्या खात्याचा एक तक्ता मध्यंतरी पाहण्यात आला. एका बाजूला नौदलातली कामे, दुसऱ्या बाजूला त्या कामात अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आला असण्याची शक्यता. बॉयलर सांभाळणाऱ्यापुढे ‘दाट शक्यता’. हॉस्पिटल कोअरमनपुढे, म्हणजे जहाजावरच्या वैद्यकीय सहायकापुढे, ‘अल्प’. त्या एका शब्दापाशी मी अडखळलो.

अ‍ॅस्बेस्टॉस हा दगडातून निघणारा तंतू. स्वस्त, आणि आगीला दाद न देणारा. जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते. म्हणून १९३० ते १९७० च्या दशकांत अमेरिकेच्या युद्धनौकांत बॉयलरला आणि वाफेच्या नळांना त्याचीच वेष्टणे असत. पण नळ काही बॉयलरपाशी थांबत नाही. तो मुदपाकखान्यात जातो, धोबीखान्यात जातो, दवाखान्यात उपकरणे उकळायच्या भांड्यापर्यंत पोचतो. खलाशी झोपतो, तेव्हा डोक्यावर तोच नळ असतो. तोफा धडाडल्या की जहाज हादरते आणि वेष्टणाची पूड खाली झिरपते. गोदीत दुरुस्तीला लागले की जुनी वेष्टणे खरवडून काढतात, आणि पुष्कळदा माणसे त्याच जहाजावर राहत असतात.

यात कोअरमन कुठे असतो? इंजिनखोलीत कोणी भाजले, तर खाली उतरणारा तो. खोकणाऱ्याचे धुळीने माखलेले कपडे उतरवणारा तो. लहान जहाजांवर तर डॉक्टरच नसे. वैद्य, परिचारिका, कंपाउंडर सगळे तोच.

इस्पितळ-जहाजांची गोष्ट आणखी निराळी. ‘रिपोज’ आणि ‘सँक्च्युअरी’ ही दोन जहाजे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची. मग ती बाजूला काढून ठेवली गेली, आणि व्हिएतनामच्या युद्धासाठी पुन्हा बाहेर आली. ‘रिपोज’ १९६६ ते १९७० आणि ‘सँक्च्युअरी’ १९६७ ते १९७१ या काळात तिथे होते. बाहेरून शुभ्र रंग, त्यावर लाल क्रॉस, आत शेकडो खाटा, डॉक्टर, परिचारिका, कोअरमन. शरीर मात्र चाळीसच्या दशकातल्या वाफेच्या जहाजाचे.

नौदलाला हे ठाऊक नव्हते, असे म्हणण्याचीही सोय नाही. मार्च १९४१ मध्ये नौदलाच्या वैद्यकीय खात्यातच रोगप्रतिबंधाचे काम पाहणाऱ्या कमांडर स्टीफन्सन यांनी वरिष्ठांना लेखी कळवले होते, की अ‍ॅस्बेस्टॉसचे काम करणाऱ्यांचे आपण पुरेसे रक्षण करत नाही. पुढे १९४६ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. चार गोद्यांतले १०७४ कामगार तपासले, तिघांच्याच फुफ्फुसांत दोष सापडला, आणि काम फारसे धोक्याचे नाही असा निर्वाळा मिळाला. मात्र तपासलेल्यांपैकी ९५ टक्के लोकांची नोकरी दहा वर्षांच्या आतली होती. सापडलेले तिघे वीस वर्षांहून जुने होते. पेरणी होऊन आठवडा झाला नाही तोच शेत रिकामे म्हणून पंचनामा करावा, तसा हा प्रकार.

कारण या रोगाची मुदत लांब. डोळ्यांना न दिसणारा तंतू श्वासावाटे आत जातो आणि तिथेच रुततो. फुफ्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, डोके वर काढतो तो वीस ते पन्नास वर्षांनी. मग रुग्णाच्या हाती बहुधा वर्ष-दीड वर्ष उरते. डॉ. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या ३३ रुग्णांवरून १९६० साली हा संबंध जगापुढे मांडला. तो तंतू हुद्दा पाहत नाही. १९७० ते १९७४ अमेरिकी नौदलाचे प्रमुख असलेले अ‍ॅडमिरल झुमवाल्ट २००० साली याच रोगाने गेले.

अशा वेळी म्हातारा कोअरमन दावा करायला जातो, तेव्हा त्याच्यापाशी काय असते? सेवेच्या कागदात जहाजाचे नाव असते, तारखा असतात, हुद्दा असतो. श्वासातून काय आत गेले, याचा रकाना नसतो. त्याने इतरांच्या दुखण्यांच्या नोंदी इमानाने ठेवल्या. त्याच्या धुळीची नोंद कोणी ठेवली नाही. एक दिलासा आहे. पुरावा दोन्ही बाजूंनी सारखा असेल, तर शंकेचा फायदा सैनिकाला द्यावा, असा तिथला कायदा सांगतो. आणि ‘अल्प’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. टेबलामागे बसलेल्या माणसाने हे लक्षात ठेवले, तरी पुष्कळ झाले.

टेबलामागे मीही बसलो आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत रे रोडजवळच्या दारूखान्यात तारण मालाची पाहणी करायला जात असे. तिथे जुनी जहाजे तोडतात. लोखंड, तांबे, पितळ, सगळे मोजून मी कागदावर उतरवी. नळांवरचे पांढरे, कापसासारखे काहीतरी मजूर उघड्या हातांनी ओरबाडत. धोतराच्या सोग्याने नाक झाकलेल्या एका वयस्कर मजुराला मी विचारले, “हे काय?” तो म्हणाला, “काही नाही साहेब, कचरा.” त्याला भाव नव्हता, म्हणून माझ्या तक्त्यात त्याला जागा नव्हती. ओरबाडणाऱ्या हातांनाही नव्हती. सही करून मी घरी आलो.

१९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांना एक आदेश दिला: कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांतले जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवा. न्यायमूर्तींनी रोगाची मुदत ओळखली होती. बँकेत आम्ही कागद जपतो, ते पैसे बुडू नयेत म्हणून. माणसाच्या श्वासाचा कागद चाळीस वर्षे जपायचा, ही गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. पण कागद जपायला आधी तो कोणी लिहावा लागतो. त्या दुपारी दारूखान्यात पेन माझ्या हातात होते.